पाण्याचा नाच आणि पाण्याची जात

पाणी आणि माणूस यांचे नाते सांगणारे नृत्याचे कार्यक्रम हल्ली देशोदेशी फिरत असतात. निळे कापड हलवून नदी दाखवायची, हात पसरून पाऊस झेलायचा आणि शेवटी सगळ्यांनी मिळून पाणी वाचवण्याचा संदेश द्यायचा, असा त्यांचा साधारण घाट असतो. ‘ग्लोबल वॉटर डान्सेस’ नावाचा एक उपक्रम २०११ पासून दर दोन वर्षांनी होतो. जगातल्या अनेक शहरांत एकाच दिवशी नदीकाठी, तळ्याकाठी, समुद्रकिनारी लोक जमतात आणि पाण्यासाठी नाचतात. या कलावंतांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका घ्यायची नाही. पाणी नासू नये, नदी मरू नये, असे वाटणारा माणूस आमचा शत्रू नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ‘माणूस आणि पाणी’ असे म्हणताना हा माणूस नेमका कोण?

अशी एखादी मंडळी उद्या रत्नागिरीत आली, सावरकर नाट्यगृहात तिचा प्रयोग लागला, तर टाळ्या भरपूर पडतील. पाणी म्हणजे जीवन, पाण्याला रंग नसतो, पाणी सगळ्यांना सारखेच भिजवते, ही वाक्ये ऐकून सभ्य प्रेक्षक गहिवरून जातील. पण त्याच प्रेक्षकांत बौद्धवाडीतून आलेली एखादी म्हातारी बसली असेल, तर ती मनातल्या मनात म्हणेल, बाबांनो, पाण्याला रंग नसेल, पण या देशात पाण्याला जात आहे! ती जात ज्या नाचात दिसत नाही तो नाच कितीही देखणा असला, तरी अर्धा खोटा आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. पण जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. सह्याद्रीतून निघालेल्या वाशिष्ठी, जगबुडी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या आखूड आहेत. पडलेले पाणी त्या बघता बघता समुद्राला नेऊन देतात. शिमगा उलटला की डोंगरावरच्या वाड्यांतल्या विहिरी तळ गाठतात. एप्रिल-मे महिन्यांत हंडे-कळशा रांगेत लागतात आणि बायका टँकरची वाट बघत बसतात. पावसाच्या माहेरघरी पाण्याची ही दशा!

हा झाला भूगोल. इतिहास याहून कडू आहे. कोकणातले गाव हे वाड्यांचे गाव असते. ब्राह्मणवाडी वेगळी, मराठ्यांची वाडी वेगळी, कुणबीवाडी वेगळी आणि सगळ्यांपासून लांब महारवाडा. १९५६ नंतर त्याची बौद्धवाडी झाली. चांगले पाणी ज्यांच्या अंगणात, ती विहीर त्यांची. उरलेल्यांनी वहाळात खड्डा खणून झिरपेल ते पाणी वाटीने भरायचे. तेही आटले की आमची आजी-पणजी रिकामी कळशी घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर तो पोहऱ्याने पाणी काढून वरून ओतायचा. ओतणारा वर, घेणारी खाली. मान वाकलेली, कळशी पुढे केलेली आणि शिंतोडा उडू नये म्हणून अंग चोरलेले. दया आली नाही तर तशीच परत फिरायची. आमच्या समाजाच्या पाण्याशी असलेल्या नात्याची पहिली मुद्रा ही आहे. कोणत्याही नृत्यशाळेत ती शिकवत नाहीत. पण या मातीतल्या लाखो बायकांच्या अंगात ती पिढ्यान् पिढ्या मुरलेली होती.

नाचाची परंपरा कोकणात कमी नाही. शिमग्यात नमनाचे खेळे गावोगाव फिरतात. जाखडीवाले एका पायात चाळ बांधून गोल फेर धरतात, मध्ये बसलेले शाहीर शक्ती-तुऱ्याचे सवाल टाकतात. मुंबईच्या नाट्यगृहांतही या मंडळींचे प्रयोग होतात. या कलांत अंगमेहनत आहे, ताल आहे, कष्टकरी माणसाचा जीव आहे. पण त्यातली गौळण आठवून पाहा. डोक्यावर घागर घेतलेली बाई तिथे येते ती कृष्णाने वाट अडवण्यासाठी. तिची घागर फोडणे ही देवाची लीला ठरते आणि प्रेक्षक हसतो. घागर फुटली तर जिच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, त्या बाईला हे हसू कसे यावे? आणि ज्या बाईला पाणवठ्याची पायरी चढण्याचीच बंदी होती, ती तर या खेळात कुठेच नव्हती. शिमग्याच्या मानपानात महाराला काम होते, मान नव्हता. म्हणूनच धम्मदीक्षेनंतर आमच्या लोकांनी ती कामे सोडली. गावाने त्याला उद्धटपणा म्हटले. आम्ही त्याला माणूसपण म्हणतो.

पाण्यावरचा खरा मोठा प्रयोग या भागाने पाहिला तो रत्नागिरी जिल्ह्याच्या वेशीबाहेर, महाडात. त्याची मशागत दापोलीत आधीच झाली होती. फुल्यांच्या विचाराने भारलेले, फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीत राहून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अस्पृश्यतेच्या शास्त्राला जाहीर सवाल करीत होते. पुढे १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला आणि तळे सवर्णांकडे राहिले. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती. मुसलमान, ख्रिस्ती पाणी भरीत होते. बंदी होती ती फक्त अस्पृश्य माणसाला!

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. कुलाब्याप्रमाणे रत्नागिरी जिल्ह्यातलेही आपले लोक भाकरी बांधून तिथे गेले होते. परिषदेला आलेल्या हजारो माणसांना पाजायला पाणी नव्हते. अस्पृश्यांना खुला असा पाणवठाच गावात नव्हता. शेवटी ४० रुपये मोजून सवर्णांकडून पाणी विकत घ्यावे लागले. ज्या गावात तुडुंब भरलेले तळे आहे त्या गावात माणसाला पाणी विकत घ्यावे लागते, या एका गोष्टीत जातिव्यवस्थेचे सगळे अर्थशास्त्र आले.

दुसऱ्या दिवशी बाबासाहेब निघाले. त्यांच्या मागे शिस्तीने रांग निघाली. भर बाजारपेठेतून, ज्या रस्त्यावरून अंग चोरून जायचे त्याच रस्त्यावरून ताठ मानेने ही माणसे चालत गेली. बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले, वाकले, ओंजळ भरली आणि पाणी प्याले. मग एकेकाने तेच केले. चालणे, उतरणे, वाकणे, ओंजळ भरणे, पिणे. पाहणाऱ्याला या पाच साध्या हालचाली वाटतील. पण काल जी मान दुसऱ्याने ओतलेले पाणी घेण्यासाठी वाकत होती तीच मान आज स्वतःच्या हाताने पाणी घेण्यासाठी वाकली. वाकण्या-वाकण्यात किती फरक असतो, हे त्या दिवशी जगाला कळले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला परत आल्यावर बाबासाहेबांनी बजावले की, चवदार तळ्याचे पाणी प्यालो नाही म्हणून आपण मरणार नाही. आपणही इतरांसारखीच माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी आपण तिथे जात आहोत. माणूस आणि पाणी यांच्या नात्यावर याहून खोल भाष्य कोणत्या रंगमंचावर झाले आहे?

मनुवाद्यांनीही आपला प्रयोग लगेच करून दाखवला. देवळात घुसणार असल्याची अफवा उठवून परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या निःशस्त्र लोकांवर हल्ला केला. नंतर गोमूत्र, शेण, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून तळे ‘शुद्ध’ केले. माणसाच्या स्पर्शाने बाटलेले पाणी शेणाने शुद्ध होते, हे त्यांचे विज्ञान! ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे! आजच्या तरुणांनी हा हिशेब पाठ करून ठेवावा.

महाडची बातमी गावोगाव पोहोचली कशी? वर्तमानपत्र वाचता येणारी माणसे आमच्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ‘बहिष्कृत भारत’ एकाने वाचायचा आणि दहांनी ऐकायचा. पण जे वाचनातून गेले नाही ते जलशातून गेले. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसा उभा केला होता. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी त्याचा आंबेडकरी जलसा केला. गणातला गणपती बाजूला झाला, गौळणीतला कृष्ण हटला. त्यांच्या जागी आला पाणवठ्यावरून हाकललेला माणूस आणि त्याला हाकलणाऱ्याशी त्याचे सवाल-जवाब. शाळा, मेलेले ढोर ओढण्याचे काम सोडणे, दारू सोडणे, देवळाचा सत्याग्रह, महाडचा सत्याग्रह, हे जलशाचे विषय झाले. ढोलकी तीच, डफ तोच, तुणतुणे तेच, पण बोलणारा बदलला. माझ्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याचे चळवळीत सांगितले जाते. हा आंबेडकरी जलशाचा सर्वांत मोठा पुरस्कार.

हीसुद्धा फिरती मंडळीच होती. यांना अनुदान नव्हते, नाट्यगृह नव्हते. गॅसबत्तीच्या उजेडात, वाडीच्या अंगणात खेळ व्हायचा. बघणारे तेच होते ज्यांना सकाळी उठून पुन्हा पाणवठ्यावर जायचे होते. खेळ पाहून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर वेगळ्या तऱ्हेने उभा राहायचा. मुंबईच्या गिरणीत, गोदीत, पालिकेत राबणारा कोकणी माणूस चाळीत ऐकलेले गाणे, पाहिलेला प्रसंग गावी घेऊन यायचा. भीमराव कर्डकांनी १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून हा इतिहास नोंदवून ठेवला, नाहीतर आमच्या कलेचा इतिहासही इतर इतिहासाबरोबर बुडाला असता. महाराष्ट्रात नाटकाचा आणि नृत्याचा इतिहास लिहिणाऱ्या पंडितांनी या जलशांना किती पाने दिली, हे ज्याने त्याने तपासावे.

इथे काही सज्जन म्हणतील, कलेला जात नसते. कलेत असला झगडा कशाला आणता? त्यांना आम्ही अमेरिकेचे उदाहरण देतो. टेक्सासमध्ये १९३१ साली जन्मलेला ॲल्विन एली हा काळा नर्तक. त्याने १९६० साली न्यूयॉर्कमध्ये ‘रेव्हिलेशन्स’ नावाचे नृत्य बसवले. त्यात मंचावर निळ्या-पांढऱ्या कापडाचे लांब पट्टे ताणून नदी दाखवली आहे आणि पांढऱ्या वेशातले काळे स्त्री-पुरुष त्या नदीत उतरतात. तो बाप्तिस्मा आहे, आणि गुलामीतून सुटण्यासाठी पाणी तुडवत गेलेल्या पूर्वजांची आठवणही आहे. एलीने ‘माणूस आणि पाणी’ असा मोघम विषय घेतला नाही. त्याने आपल्या लोकांचे पाण्याशी असलेले नाते नाचून दाखवले. ते नृत्य त्याच्या मंडळीबरोबर जगभर फिरले आणि जगाला ते आपले वाटले. जो स्वतःच्या लोकांचे खरे सांगतो त्याचेच सगळ्या जगाचे होते. सगळ्यांचे म्हणून जे गुळमुळीत सांगितले जाते ते कुणाचेच होत नाही.

त्याच अमेरिकेत पाणी पिण्याचे नळसुद्धा गोऱ्यांचे आणि काळ्यांचे वेगवेगळे होते. मिसिसिपी राज्यात बिलॉक्सी येथे समुद्रकिनाऱ्यावर काळ्यांना मज्जाव होता. १९५९ ते १९६३ या काळात तिथल्या काळ्या लोकांनी समुद्रात उतरण्याचे सत्याग्रह केले. ‘रेव्हिलेशन्स’चा पहिला प्रयोग जानेवारी १९६० मध्ये झाला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये बिलॉक्सीच्या किनाऱ्यावर या सत्याग्रहींना गोऱ्या जमावाने बेदम मारले. महाड आणि बिलॉक्सी यांच्यात समुद्र आहेत, पण माराची जात एकच आहे. तिथल्या कलावंताने आपल्या काळाकडे पाठ फिरवली नाही. आमच्याकडच्या नृत्यकलेने मात्र गंगेची स्तोत्रे नाचवली, यमुनेचा काठ नाचवला, आणि चवदार तळ्याच्या वाटेला ती क्वचितच गेली. असे का, याचे उत्तर कलावंतांनीच द्यावे.

आता काळ बदलला, या जुन्या गोष्टी कशाला, असेही विचारले जाईल. बाबासाहेबांनी घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख येईल, याची काळजी घेतली आणि १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली. त्याआधी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना दामोदर, हिराकूड अशा मोठ्या नदी-योजनांची पायाभरणीही त्यांनीच केली. ज्याला लहानपणी प्रवासात घोटभर पाणी मिळाले नाही, त्याने देशाच्या नद्यांचा विचार केला! पण देशाने काय केले? २००७ साली सातारा जिल्ह्यातल्या कुळकजाईत विहीर खोदण्याच्या वादातून एका बौद्ध शेतकऱ्याचा खून झाला. २०१६ साली वाशीम जिल्ह्यातल्या कळंबेश्वरमध्ये पत्नीला विहिरीवर पाणी नाकारले गेले म्हणून एका दलित मजुराने एकट्याने ४० दिवस खणून स्वतःची विहीर काढली. २०१८ साली जळगाव जिल्ह्यातल्या वाकडीत मातंग समाजाच्या दोन पोरांना विहिरीत पोहल्याबद्दल नागडे करून मारले. त्या प्रकरणातला आरोपी काही उच्चवर्णीय नव्हता, भटक्या जमातीतला होता. ही गोष्ट आम्ही लपवणार नाही. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता ती हीच. पायरीवरच्या प्रत्येकाला आपल्या खालची पायरी हवी असते. पण मुद्दा विसरू नका. पोरे पाण्यात पोहली, हा तो गुन्हा. त्या मुलांच्या अंगाचे पाण्याशी नाते कोण नाचून दाखवणार?

रत्नागिरी जिल्ह्यात आज कुणी उघडपणे ‘विहिरीला शिवू नको’ म्हणण्याची हिंमत सहसा करत नाही. कायदा आहे, संघटना आहे, बौद्धवाडी जागी आहे. पण भेद आता नळाच्या वाटेने येऊ शकतो. पाण्याची टाकी कोणत्या वाडीत बांधली? पाइपलाइन कुठून सुरू झाली आणि कुठे संपली? शेवटच्या टोकाला दाब किती राहतो? टँकर आधी कुठे उभा राहतो? विहीर ज्याच्या जमिनीत आहे त्याच्याशी बिनसले तर पंपाची चावी कुणाच्या हातात असते? पाणी समितीवर बौद्धवाडीची बाई आहे का, आणि असली तर तिला बैठकीचा निरोप जातो का? हे प्रश्न प्रत्येक गावात विचारले पाहिजेत. उत्तरे समाधानकारक आली तर आनंदच आहे. पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, हा आमचा शंभर वर्षांचा अनुभव आहे.

सरकारच्या घोषणा मोठ्या असतात. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी दररोज ५५ लिटर पाणी, असे ठरले. मुदत उलटली आणि ती २०२८ पर्यंत वाढवावी लागली. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. स्वागत आहे. पण पाटीवरचे नाव ‘समतानगर’ झाले आणि नळ कोरडाच राहिला, तर त्या समतेला काय म्हणायचे?

कोयनेचे पाणी बोगद्यातून पोफळीच्या वीजगृहात उतरते आणि वाशिष्ठीत येते. कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवण्यास परवानगी दिली आहे. वीज दूरच्या शहरांना जाते, बरेचसे पाणी दाभोळच्या खाडीतून समुद्राला जाते आणि त्याच तालुक्यात डोंगरावरच्या वाड्या उन्हाळ्यात टँकर मागतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. भेंदवाडीतली वीसहून अधिक माणसे पाण्याने नेली. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी त्याचे खापर खेकड्यांवर फोडले! जुन्या जलशाचा शाहीर आज असता तर त्याने या खेकड्यांचा असा वग उभा केला असता की, मंत्र्यांना कोकणात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मग २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. त्याच दिवशी महाडलाही महापुराने वेढले. उन्हाळ्यात पाणी नाही म्हणून मरण, पावसाळ्यात पाणी आले म्हणून मरण. कोकणी कष्टकऱ्याचे पाण्याशी आजचे नाते हे असे आहे.

दुसऱ्यांना एवढे सुनावल्यावर चार शब्द आपल्या लोकांनाही सांगितले पाहिजेत. जलशाची परंपरा ज्यांनी उभी केली त्यांच्या नातवंडांनी ती डीजेच्या भिंतीखाली गाडली. १४ एप्रिलला कान फुटेपर्यंत आवाज, रात्रभर नाच आणि वर्गणीतले हजारो रुपये एका रात्रीत साफ! आम्ही नाचाच्या विरोधात नाही. गुलामी तोडलेल्या माणसाने नाचावे, खुशाल नाचावे. पण तो एप्रिल महिना असतो. ज्या वाडीत आपण नाचतो त्याच वाडीतल्या बाया दुसऱ्या दिवशी पहाटे रिकामे हंडे घेऊन निघतात. त्यांचे दुःख त्या नाचात कुठे आहे? २० मार्चला आपण महाडला जातो, चवदार तळ्याला वंदन करतो आणि वाटेत बाटलीबंद पाणी विकत घेतो. १९२७ साली पाणी नाकारले गेले म्हणून ४० रुपयांचे पाणी घ्यावे लागले. आज नाकारणारा समोर दिसत नाही, तरी पाणी विकतच घ्यावे लागते. पाणी पुन्हा पैसेवाल्याचे होत चालले आहे आणि आपण घोषणा देऊन घरी परततो. शिकल्यासवरल्या नोकरदारांनी तर गावाच्या पाणीप्रश्नाशी आपला संबंधच संपला, असे मानून घेतले आहे. मुंबईच्या घरात चोवीस तास नळ आला, म्हणजे वाडीची तहान भागली असे होत नाही.

२०२७ हे महाडच्या सत्याग्रहाचे शताब्दी वर्ष. त्या वर्षी सरकारी खर्चाने मोठे कार्यक्रम होतील, रोषणाई होईल, कदाचित ‘जल आणि मानव’ असे एखादे भव्य नृत्यही होईल. होऊ द्या. आपण आपला जलसा उभा करावा, अशी आमची सूचना आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बौद्धजन संघटनांनी, महिला मंडळांनी, कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींनी एकत्र यावे. ज्यांना नाच येतो त्यांनी नाचावे, ज्यांना शाहिरी येते त्यांनी गावे. जुन्या जलशात बायकांची कामे पुरुष करायचे. आता ती कामे बायकांनीच करावीत, कारण कळशीचे ओझे त्यांना माहीत आहे. माता रमाईंच्या वणंदपासून निघावे, दापोली, मंडणगडच्या वाड्या-वाड्यांत मुक्काम करावा, बाबासाहेबांच्या आंबडव्यात खेळ करावा आणि तिथून महाड गाठावे.

खेळाचा हंगाम मात्र उन्हाळ्याचा ठेवावा, पाणी आटते तेव्हाचा. आणि एक नियम करावा. ज्या वाडीत खेळ असेल त्या वाडीच्या पाण्याची हकिकत खेळाच्या आधी तिथल्याच बाईने उभे राहून सांगायची. विहीर किती लांब, नळ कधी आला, पाणी किती दिवस येते, योजनेचा पैसा कुठे गेला, ते सगळे. ती हकिकत कागदावर उतरवून पुढच्या ग्रामसभेत ठेवायची. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून योजनेची कागदपत्रे काढायची. कुणबीवाडीत, कातकरी वस्तीवर, मुसलमान मोहल्ल्यात पाणी नसेल तर त्यांनाही खेळाला बोलवायचे आणि त्यांचीही हकिकत मांडायची. बाबासाहेब तळ्यावर गेले ते फक्त एका जातीची तहान भागवायला गेले नव्हते.

बाहेरून कुणी कलावंत पाण्याचा नाच घेऊन रत्नागिरीत आले, तर त्यांचेही स्वागत करू. त्यांना नाट्यगृहात जाण्याआधी एखाद्या बौद्धवाडीत नेऊ, मे महिन्याच्या दुपारी. डोक्यावर दोन हंडे आणि काखेत कळशी घेऊन चढण चढणाऱ्या बाईच्या मागे त्यांना चालायला सांगू. ती चाल त्यांच्या पायात उतरली, तर त्यांचा नाच खरा होईल. मग टाळ्या आम्हीही वाजवू.

चवदार तळ्याची ओंजळ ही केवळ आठवण म्हणून जपायची वस्तू नाही. जोवर एका तरी वाडीतली बाई दुसऱ्याच्या मर्जीच्या पाण्यासाठी कळशी पुढे करून उभी आहे, तोवर महाडचा सत्याग्रह संपलेला नाही. जयभीम!